पपनसाची जात कशी ओळखावी आणि दोन पपनसांची तुलना कशी करावी

भाद्रपद जवळ आला की मुंबई, कोकण आणि गोव्याच्या बाजारांत पपनसे दिसू लागतात, आणि ग्राहकाचा विक्रेत्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: आतून लाल की पांढरे? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याने जात कळत नाही. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीचे पपनस आतून गुलाबी असते, थायलंडचे थोंग डी गुलाबी असते, व्हिएतनामचे दा सान्ह गुलाबी असते आणि कॅलिफोर्नियातील चँडलरही गुलाबीच असते. या चौघांची साल, आकार, चव आणि टिकाऊपणा मात्र एकमेकांशी जुळत नाही. गराच्या रंगाने पपनसांचे फार तर दोन ढीग करता येतात. जात ठरते ती आकार, साल, फोडी, दाणे, बिया, चव आणि झाड या सर्वांच्या एकत्रित नोंदीवरून, आणि ही नोंद घरच्या घरी सुरी, वजनकाटा, दोरा व वही एवढ्यावर करता येते. ती कशी करावी हे येथे क्रमाने दिले आहे.

आधी ते पपनसच आहे याची खात्री

पपनस, पपनीस, तोरंजन, चकोत्रा अशी नावे मुलखागणिक बदलतात आणि काही ठिकाणी तीच नावे दुसऱ्या फळांनाही लावली जातात, म्हणून नावावर विसंबू नये. गोंधळ मुख्यतः तीन फळांशी होतो.

पहिले महाळुंग. त्याची साल खडबडीत व फार जाड असते, ती गरापासून सहज सुटत नाही आणि मधला गर अगदी थोडा असतो. खाण्याजोगा भाग म्हणजे ती सालच. दुसरे ईडलिंबू. आकाराने मोठे असले तरी ते रसाळ आणि आंबट लिंबूच असते, आणि त्याच्या फोडीचा पापुद्रा सोलून आतला गर अखंड काढता येत नाही. तिसरे ग्रेपफ्रूट, आणि येथेच खरी फसगत होते, कारण ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच अपत्य आहे. अठराव्या शतकात वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस बेटावर पपनस आणि गोड संत्रे, म्हणजे आपल्या मोसंबीच्या कुळातले फळ, यांचा आपोआप संकर झाला आणि त्यातून ग्रेपफ्रूट निघाले. गोड संत्रे स्वतःही पपनस आणि मँडरिन, म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याचे कुळ, यांच्या संकरातून आलेले आहे, त्यामुळे ग्रेपफ्रूटच्या अंगात पपनस दोन्ही बाजूंनी आहे.

पपनस व ग्रेपफ्रूट वेगळे करण्याची सोपी कसोटी फोडीवर करावी. पपनसाची एक फोड घेऊन तिच्या पातळ कडेवर नखाने चीर द्यावी आणि पापुद्रा दोन्ही बाजूंनी मागे ओढावा. पापुद्रा जाड व चिवट असल्यामुळे तो कागदासारखा निघतो, आतील रसाचे दाणे मोठे, टणक आणि एकमेकांपासून सुटे असतात, व ते बोटांनी वेगळे केले तरी हात फारसे ओले होत नाहीत. ग्रेपफ्रूटचा पापुद्रा पातळ असतो, दाण्यांना चिकटलेला असतो आणि ओढताच रस गळू लागतो. झाड समोर असेल तर आणखी दोन खुणा पाहाव्यात. पपनसाच्या कोवळ्या फांदीवर आणि पानाच्या मागच्या शिरेवर बारीक लव असते, आणि पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी इतके रुंद पंख असतात की मोठ्या पानाखाली एक छोटे पान जोडल्यासारखे दिसते. ग्रेपफ्रूटचे पंख तुलनेने अरुंद असतात आणि त्याच्या फांद्या जवळजवळ गुळगुळीत असतात. बी कापून पाहिल्यास पपनसाच्या बीत एकच गर्भ मिळतो, तर ग्रेपफ्रूटच्या बीत बहुधा अनेक मिळतात.

परसातल्या झाडाला जातीचे नाव का नसते

वरच्या शेवटच्या वाक्याचा परिणाम फार मोठा आहे. मोसंबी किंवा ग्रेपफ्रूटच्या बीत अनेक गर्भ असतात आणि त्यांतले बहुतेक मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असतात, म्हणून बी लावले तरी बहुतेक वेळा आईसारखेच झाड येते. पपनसाच्या बीतील एकुलता एक गर्भ परागीभवनातून तयार झालेला असतो. त्यातच पपनसाच्या बहुतेक जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत, म्हणजे बीचा बाप जवळपास नेहमीच दुसरे झाड असते. त्यामुळे एकाच फळातील दहा बिया लावल्या तर दहा वेगळी झाडे येतात, आणि आईचे फळ कितीही गोड असले तरी लेकीचे कडूही निघू शकते.

कोकणातील आणि गोव्यातील घरांमागची पुष्कळ जुनी झाडे अशी बियांपासून आलेली आहेत. अशा झाडाला ‘ही कोणती जात?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ते झाड स्वतःच एक स्वतंत्र नमुना आहे. नाव असलेली जात म्हणजे एका निवडलेल्या झाडाची कलमे, गुट्या किंवा डोळे भरून वाढवलेली प्रजा. म्हणून ओळख पटवायला बसण्यापूर्वी झाड कसे लावले होते हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. कलम विकत आणले असल्यास जात शोधण्यात हशील आहे. बी टाकलेले असल्यास शोध थांबवून थेट तुलनेकडे वळावे, आणि माझ्या मते तेच अधिक उपयोगाचे काम आहे, कारण चांगल्या अनामिक झाडातूनच पुढची नावाची जात निघते.

नमुना कसा घ्यावा

एका फळावरून झाडाविषयी काहीही ठरवू नये. प्रत्येक झाडाची किमान चार-पाच फळे घ्यावीत आणि ती झाडाच्या वेगवेगळ्या दिशांना, बाहेरच्या फांद्यांवर, साधारण मधल्या उंचीवर लागलेली असावीत. आतल्या सावलीतील फळ आणि उन्हातील फळ यांच्या गोडीत फरक पडतो. झाडाचे वय नोंदवावे, कारण नुकत्याच फळू लागलेल्या झाडाची फळे जाड सालीची, खडबडीत आणि फिकी असतात व पुढे त्याच झाडाची फळे सुधारतात. पहिल्या एक-दोन बहरांवरून झाड तोडण्याचा निर्णय घेणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आणखी दोन हंगाम थांबावे.

तोडणीची तारीखही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे पपनस ‘गणपतीचे’ म्हणून लक्षात राहते, पण गणेश चतुर्थी दर वर्षी सरकते. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. जवळजवळ तीन आठवड्यांचा हा फरक फळाच्या पक्वतेत स्पष्ट उतरतो. ‘गेल्या खेपेला गोड होते, यंदा आंबट निघाले’ ही तक्रार अनेकदा झाडाची नसून पंचांगाची असते. शिवाय आराशीसाठी आणि गोव्यात गणपतीच्या वर टांगल्या जाणाऱ्या माटोळीला बांधण्यासाठी देठ-पानांसकट हिरवेगार फळ हवे असते, त्यामुळे त्या दिवसांत बाजारात आलेली फळे पुष्कळदा पुरती पक्व होण्याआधीच उतरवलेली असतात. चवीची तुलना करायची असेल तर त्याच झाडाची काही फळे दसऱ्यापर्यंत झाडावर राखून ठेवावीत.

तोडलेल्या प्रत्येक फळावर झाडाचा क्रमांक आणि तारीख पेनाने लिहावी. चिठ्ठी देठाला बांधली तर ती हमखास पडते.

न कापता पाहायच्या गोष्टी

प्रथम वजन करावे. पपनस साधारण एक ते दोन किलोचे असते, परंतु जातीजातींत फरक मोठा आहे. तैवानचे वेनदान अर्धा किलोच्या आसपासही असते, तर जपानच्या कुमामोतो प्रांतातील यात्सुशिरोचे बानपेइयु सहज दोन किलो भरते आणि त्याची विक्रमी फळे पाच किलोंच्या पुढे गेली आहेत. वजनाबरोबर फळ हातात घेऊन त्याचा आकाराच्या मानाने भार अजमावावा. मोठे पण हलके लागणारे फळ बहुधा जाड सालीचे असते किंवा त्यातले दाणे कोरडे पडलेले असतात.

नंतर उंची व रुंदी मोजावी. फळ दोन सरळ फळ्यांमध्ये धरून फळ्यांमधील अंतर मोजले की अचूक माप मिळते. उंचीला रुंदीने भागावे. उत्तर १ च्या बरेच खाली आले तर फळ चपटे, १ च्या आसपास आले तर गोल, आणि १ च्या बरेच वर गेले तर उभट किंवा नासपतीच्या आकाराचे. ‘गोलसर’ असे दोघांनी लिहिले तर दोघांच्या मनात वेगळी चित्रे असतात; ०.९२ आणि १.१५ यांत वाद राहत नाही.

मग देठाकडची बाजू पाहावी, कारण जातीची सर्वांत ठळक खूण तेथेच असते. काही फळांना देठाजवळ स्पष्ट मान असते, काहींना केवळ उंचवटा, काहींची ती बाजू सपाट असते तर काहींची आत दबलेली. थायलंडच्या खाओ फुआंगची मान लांब आणि उठून दिसणारी आहे. खाओ तेंगक्वा मात्र बिनमानेचे, चपटे-गोल असते. बुडाकडच्या बाजूला खळगा आहे, सपाटपणा आहे की वर्तुळाकार कडे आहे, हेही नोंदवावे. चीनच्या ग्वांगशी प्रांतात उगम पावलेल्या शातियन जातीच्या बुडावर नाण्याएवढे गोल कडे उमटलेले असते आणि खरेदीदार ती खूण मुद्दाम उलटे करून पाहतात.

सालीवर तेलाचे ठिपके बारीक व दाट आहेत की मोठे व विरळ, साल गुळगुळीत आहे की खडबडीत, आणि तिच्यावर लव आहे का, हे बोट फिरवून पाहावे. थायलंडच्या नाखोन सी थम्मरात प्रांतातील ताब्तिम सियाम या जातीच्या सालीला मखमलीसारखी लव असते आणि आतला गर गडद माणिकलाल असतो. हा जोड दुसऱ्या फळात सहसा सापडत नाही.

सालीचा रंग शेवटी लिहावा आणि त्याला सर्वांत कमी महत्त्व द्यावे. हिरव्याचा पिवळा होण्यासाठी लिंबूवर्गीय फळाला थंड रात्री लागतात. किनारपट्टीच्या दमट, उबदार हवेत तेच फळ पक्व होऊनही हिरवट राहते, आणि तीच जात थंडीच्या प्रदेशात सोनेरी होते. व्हिएतनामच्या दा सान्ह जातीची तर हिरवी साल हीच ओळख आहे. पिवळे म्हणजे पिकलेले हा आंब्याचा नियम येथे लावू नये.

कापून पाहायच्या गोष्टी

प्रत्येक झाडाचे एक फळ आडवे, बरोबर मध्यावर कापावे, आणि दुसरे उभे, देठापासून बुडापर्यंत. बाकीची सोलून चवीसाठी ठेवावीत. आडव्या कापात फोडींची संख्या, मधला कणा आणि सालीची जाडी दिसते. उभ्या कापात मानेखाली साल किती जाड होत गेली आहे ते कळते. मानेच्या फळांत देठाकडची साल मध्यावरच्या सालीच्या दुप्पटही निघते, म्हणून जाडी नेहमी मध्यावरच मोजावी.

आडव्या कापाकडे जरा सावकाश पाहावे. सर्वांत बाहेर तेलाचे ठिपके असलेली पातळ रंगीत साल, तिच्या आत मऊ जाड थर, त्यानंतर फोडींचे कडे आणि मध्यभागी कणा. मऊ थर पांढराशुभ्र आहे की गुलाबी, हे आवर्जून लिहावे, कारण गराचा रंग आणि या थराचा रंग वेगवेगळे असू शकतात. थोंग डीमध्ये मऊ थरावरही गुलाबी छटा दिसते. चीनच्या फुजियान प्रांतातील पिंगहे जिल्ह्यात होणाऱ्या ग्वानशी मीयो या जातीत तर मूळ पांढऱ्या गराच्या झाडावर आपोआप फेरबदल होऊन लाल गराची फांदी निघाली, आणि पुढे साल, थर व गर तिन्ही लालसर असलेला प्रकारही वेगळा काढण्यात आला. एकाच जातीच्या या भावंडांत आकार सारखाच, रंग तेवढा निराळा आहे.

पपनसाचा लाल रंग लायकोपीनमुळे येतो. टोमॅटोचा लालपणा त्याचाच. तो हंगामाच्या सुरुवातीला फिका असतो आणि फळ झाडावर राहील तसा चढतो, त्यामुळे ‘फिकट गुलाबी’ आणि ‘गडद गुलाबी’ अशा दोन जाती मानण्याआधी तोडणीच्या तारखा ताडून पाहाव्यात.

फोडींची संख्या मोजावी. ती अकरा ते अठराच्या दरम्यान असते आणि एकाच झाडावर एक-दोनने कमी-जास्त होते. मधला कणा भरीव, अर्धपोकळ की पोकळ ते लिहावे. मग एक फोड सोलून दाणे पाहावेत. दाणे लांबट आहेत की आखूड व फुगीर, पाणीदार पारदर्शक आहेत की दुधी, दातांखाली कुरकुरतात की मऊ विरघळतात, हे शब्दांत नोंदवावे, कारण खाणाऱ्याला जातीजातींतला फरक सर्वांत आधी येथेच जाणवतो. देठाकडच्या टोकाशी दाणे पांढरट, कडक आणि बेचव असतील तर ते कोरडे पडू लागले आहेत. हा बहुधा अतिपक्वतेचा, पाण्याच्या ओढाताणीचा किंवा फार मोठ्या फळांचा दोष असतो, आणि तो प्रत्येक फळात दिसला तरच झाडाच्या नावावर मांडावा.

बिया मोजताना एक सावधगिरी लागते. स्वतःचे पराग न चालणाऱ्या ज्या जाती परागीभवनाशिवायही फळ धरतात, त्या एकट्या लावल्या तर जवळजवळ बिनबियांच्या राहतात, आणि शेजारी दुसऱ्या जातीचे पपनस असेल तर त्याच झाडाच्या फळांत बियांची रास निघते. व्हिएतनामच्या नाम रोईची बिनबियांची ख्याती अशीच शेजारावर अवलंबून आहे. उलट शातियनला फळ धरण्यासाठी दुसऱ्या पपनसाचे पराग लागतात, तेथील शेतकरी ते हातांनी लावतात, आणि त्यामुळे त्यात बिया भरपूर असतात. म्हणून बियांच्या आकड्यापुढे ‘शेजारी दुसरे लिंबूवर्गीय झाड आहे / नाही’ अशी टीप अवश्य टाकावी.

शेवटी खाण्याजोगा भाग काढावा. अख्ख्या फळाचे वजन आधी घेतलेले असते. साल, मऊ थर, पापुद्रे आणि बिया वेगळ्या करून उरलेल्या सुट्या दाण्यांचे वजन करावे. समजा १४०० ग्रॅमच्या फळातून ५६० ग्रॅम दाणे मिळाले, तर प्रमाण ४० टक्के झाले, आणि ९०० ग्रॅमच्या फळातून ४९५ ग्रॅम मिळाले तर ५५ टक्के. बाजारात पहिले फळ जास्त भाव घेते. घरी आणल्यावर दोन्हींत खायला मिळते ते जवळपास तेवढेच.

चव मोजणे आणि चाखणे

साखर मोजण्यासाठी हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. ऊर्ध्वपातित पाण्याने तो शून्यावर आणावा आणि रसाचा थेंब टाकून ब्रिक्सचा, म्हणजे साखरेच्या शेकडा प्रमाणाचा, आकडा वाचावा. मात्र हा आकडा एकटा फसवतो, कारण जिभेला लागते ती साखर आणि आंबटपणा यांच्यातील तफावत. आम्लता शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढता येते: १० मिलिलिटर गाळलेल्या रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाकून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू सोडावे, आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर लागले त्याला ०.०६४ ने गुणावे. आलेला आकडा म्हणजे सायट्रिक आम्लाचे शेकडा प्रमाण. लाल गराच्या रसात रंगबदल ओळखणे कठीण जाते, म्हणून तो आधी ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करावा. ब्रिक्सला आम्लतेने भागले की तुलनेचा खरा आकडा मिळतो. १० ब्रिक्स व ०.४ टक्के आम्ल असलेल्या रसाचे गुणोत्तर २५ येते आणि ११.५ ब्रिक्स व १ टक्का आम्ल असलेल्याचे केवळ ११.५, साखर कमी असूनही पहिलाच रस गोड लागणार.

कडवटपणासाठी यंत्र नको, शिस्त हवी. पपनसातील कडू द्रव्य मुख्यतः नॅरिंजिन असून ते मऊ थरात आणि पापुद्र्यात अधिक असते. पापुद्र्याचा तुकडा चिकटून राहिला किंवा साल कापलेल्या सुरीनेच फोड कापली, तर तेल आणि कडवटपणा गराला लागतो व निष्पाप झाड बदनाम होते. साल काढून झाल्यावर हात व सुरी धुऊनच फोडी सोलाव्यात. दुसरा कडवटपणा उशिरा येतो: काढलेला रस काही तास ठेवल्यावर किंवा तापवल्यावर लिमोनिन तयार होते आणि गोड वाटलेला रस कडू लागू लागतो. सरबतासाठी झाड निवडायचे असेल तर रसाचा एक पेला झाकून ठेवावा आणि तीन-चार तासांनी पुन्हा चाखावा.

चाखणारे चार-पाच जण असावेत, वाट्यांवर फक्त क्रमांक असावेत, आणि शक्य असल्यास डोळे मिटून चाखावे. लाल गर डोळ्यांना गोड दिसतो, हा पूर्वग्रह भल्याभल्यांचा सुटत नाही. प्रत्येक वाटीनंतर पाण्याने चूळ भरावी आणि वाट्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदलावा. मीठ-तिखट त्या दिवशी बाजूला ठेवावे. येथे एक इशारा गरजेचा आहे: ग्रेपफ्रूटप्रमाणेच पपनसातही काही औषधांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात. सिम्वास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची औषधे, फेलोडिपिनसारखी रक्तदाबाची औषधे किंवा अवयवरोपणानंतर टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखायला बसू नये.

तोडल्या दिवशीची चव आणि पंधरा दिवसांनंतरची चव या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तैवानच्या मादो भागात वेनदान तोडल्यावर काही दिवस तसेच ठेवतात, म्हणजे सालीतले पाणी कमी होते आणि गर मऊ व गोड लागतो. हनोईच्या परिसरातील दिएन हे छोटे पपनसही साल सुरकुतेपर्यंत ठेवूनच खाण्याची रीत आहे. आपल्या परसातल्या फळांना ही संधी क्वचितच मिळते. प्रत्येक झाडाचे एक फळ सावलीत, हवेशीर जागी ठेवून नंतर चाखावे. तोडल्या दिवशी दुसरा आलेला उमेदवार कधी कधी पंधरवड्याने पहिला येतो.

नावाच्या जातींशी ताडून पाहताना

नोंदी तयार झाल्यावरच ज्ञात जातींशी तुलना करावी. आधी नाव ठरवून मग खुणा शोधल्या तर त्या सापडतातच. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले पपनस म्हणजे देवनहळ्ळीचे चक्कोता. गुलाबी गर आणि कडवटपणाचा अभाव ही त्याची ख्याती आहे. आसाम, मेघालय, मणिपूर, त्रिपुरा या भागांत विविधता सर्वाधिक आहे, पण तिचा बराच भाग अजूनही अनामिक झाडांतच आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनेही पपनसाची निवड केलेली आहे, तेव्हा कलमे घेताना चौकशी तेथून सुरू करणे सोयीचे.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या आवरणात, जाळीत बांधलेले ‘हनी पोमेलो’ दिसते. हे बहुतेक वेळा ग्वानशी मीयो असते: देठाकडे निमुळते, बुडाकडे रुंद, साधारणपणे बिनबियांचे. अमेरिकेत गुलाबी गराचे, गुळगुळीत सालीचे आणि बिया असलेले पपनस मिळाले तर ते चँडलर असण्याची शक्यता मोठी. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते १९६१ साली, गोड पांढरे सयामी आणि आंबट गुलाबी सयामी पपनस यांच्या संकरातून आणले. ‘ओरोब्लँको’ किंवा ‘स्वीटी’ या नावाने विकले जाणारे फळ मात्र निव्वळ पपनस नाही. ते जवळजवळ बिनआंबट पपनस आणि ग्रेपफ्रूट यांच्या संकरातून १९८० साली आले, आणि तीन गुणसूत्रसंच असल्यामुळे त्यात बी धरत नाही. थाई दुकानात पांढऱ्या गराचे फळ असेल तर मान पाहावी: मध्यम उंचवटा आणि मधाळ छटेचा गर असेल तर खाओ नाम फुंग, लांब मान असेल तर खाओ फुआंग, चपटे असेल तर खाओ तेंगक्वा.

ताडून पाहताना कोणत्याही तीन-चार खुणा जुळल्या म्हणून नाव देऊन टाकू नये. किमान एक खूण आकाराची, एक सालीची, एक गराची आणि एक झाडाची जुळली पाहिजे, आणि एकही ठळक खूण उघडपणे विरुद्ध जाता कामा नये. तसे झाले नाही तर वहीत ‘बियाण्याचे झाड’ एवढेच लिहावे आणि गावाचे किंवा घराचे नाव जोडावे. फुजियानचे ग्वानशी मीयो किंवा देवनहळ्ळीचे चक्कोता ही नावे शेवटी गावांवरूनच पडलेली आहेत.

निवडलेल्या झाडाचे पुढे काय करावे

दोन हंगामांच्या नोंदींत एखादे झाड सतत वर राहिले, तर त्याचे बी न लावता गुटी बांधावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, रोगाचा डाग नसलेली, पेन्सिलीएवढी जाड व साधारण एक वर्षाची फांदी निवडावी, तिच्यावरची अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी, उघड्या भागावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडावा, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक घट्ट बांधावे. साधारण दोन महिन्यांत मुळ्या प्लास्टिकमधून दिसू लागतात. त्यानंतर फांदी एकदम न तोडता प्रथम अर्धी कापावी, आठवड्याने पूर्ण कापून पिशवीत लावावी आणि सावलीत ठेवावी. पानांवर किंवा फळांवर खैऱ्याचे उठावदार, पिवळ्या कड्याचे डाग असलेल्या झाडावरून गुटी घेऊ नये, मग त्याचे फळ कितीही उत्तम असो. रोग गुटीबरोबर दुसऱ्या परसात जातो.

गुटीच्या पिशवीवर मातृवृक्षाचा वहीतला क्रमांक लिहावा, आणि ती कोणाला दिली तर नोंदीच्या पानाची प्रतही सोबत द्यावी. एका गावातून पाच-सहा झाडांची अशी पाने जमली तर ती जवळच्या कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाला दाखवता येतात. तेथे पहिला प्रश्न गोडीचा नसेल. झाड किती वर्षांचे आहे, दर वर्षी फळते का आणि एका बहराला किती फळे धरते, हे विचारले जाईल, म्हणून हे तीन रकाने पहिल्या दिवसापासूनच आखून ठेवावेत.